हळू आवाजासाठी एवढं मोठं यंत्र

नव्या रिसीव्हरच्या, म्हणजे घरातल्या सिनेमाचे सगळे स्पीकर चालवणाऱ्या पेटीच्या, काचेवर आवाजाचा आकडा उणे चिन्ह लावून उमटतो. उणे ४५, उणे ३८, घरात कोणी नसेल तर उणे २५. आवाज वाढवत नेला की आकडा शून्याच्या दिशेने सरकतो. पाहणाऱ्याला आधी वाटतं, यंत्रात काहीतरी गडबड आहे. लेकीने विचारलंच, "बाबा, शून्याच्या खाली आवाज असेल तर ऐकू कसा येतोय?"

प्रश्न बिनतोड होता. पण हा शून्य शांततेचा नाही. चित्रपटाचं ध्वनिमिश्रण ज्या ठरलेल्या पातळीवर ऐकत केलं जातं, ती पातळी म्हणजे हा शून्य. तिथे प्रत्येक मुख्य चॅनेलची (एकेका स्पीकरसाठी वेगळ्या लिहिलेल्या आवाजाची) चाचणीची पातळी ८५ डेसिबल धरतात आणि वर २० डेसिबलची मोकळीक ठेवतात. म्हणजे स्फोटाच्या क्षणी एकेक स्पीकर १०५ डेसिबलपर्यंत जाऊ शकतो, आणि खास खर्जासाठी राखलेला चॅनेल ११५ पर्यंत. हे मोठ्या दालनाचं मोजमाप. राहत्या खोलीत शून्यावर सिनेमा बघणाऱ्याला एकतर शेजारी नसावेत, नाहीतर कान.

मेनूत शिरून हा आकडा साधा, शून्यापासून वर चढणारा करता येतो. मी केला नाही. मूळ मिश्रणापासून आपण किती खाली उतरून ऐकतोय हे तो उणे आकडा सांगत राहतो, आणि वापरता वापरता लक्षात येत गेलं की या यंत्राची खरी हुशारी त्या उतरण्यातच कामी येते. दणका द्यायला फारशी अक्कल लागत नाही. रात्री साडेदहाला, पलीकडच्या खोलीत कोणी झोपलेलं असताना, कुजबुजीतला शब्दन् शब्द कळावा आणि तरी पडद्यावर दार आपटल्यावर कोणी दचकून उठू नये, हे अवघड. जाहिराती सगळ्या दणक्याच्या. घरात वापर होतो तो असा.

दिसायला म्हणाल तर काळी, जड पेटी. पुढे दोन गोल बटणं, मध्ये काच. उचलताना एका बाजूला झुकते, कारण ट्रान्सफॉर्मरचं सगळं वजन तिकडे. मागची बाजू पाहून मात्र छाती दडपते: एचडीएमआयची लांब रांग, लाल-पांढऱ्या जोड्या, ऑप्टिकल, अँटेना, लॅन, आणि खाली स्पीकरच्या रंगीत खुंट्या. यातल्या निम्म्या जागांत माझ्याकडे कधीच काही खोचलं जाणार नाही. प्रत्यक्ष जोडणी एका दुपारचं काम आहे. वायरची टोकं सोलायची, लाल ते लाल, काळं ते काळं, आणि टोकांना बनाना प्लग (खुंटीत सरळ खोचता येणारी धातूची टोपणं) लावले तर पुढच्या कटकटी वाचतात. वायर तांब्याची, पुरेशी जाड आणि पुरेशी लांब असली की झालं. तिच्या शुद्धतेवर जे विपुल वाङ्मय निर्माण झालंय त्याला मी लांबूनच नमस्कार केला.

टीव्हीचा आवाज उलट दिशेने रिसीव्हरकडे आणण्याची सोय २००९ साली एचडीएमआय १.४ सोबत आली, तिचं नाव आर्क. ती वाट अरुंद होती. चहूबाजूंचा, म्हणजे सराउंड आवाज दाबून लहान केलेलाच तिच्यातून जायचा. २०१७ साली २.१ आवृत्तीत ई-आर्क आलं आणि ब्लू-रेवरचा, काहीही न गाळता बांधलेला आवाजसुद्धा एका केबलमधून परत येऊ लागला. त्यामुळे आता सेट-टॉप बॉक्स, ब्लू-रे प्लेअर अशा सगळ्या पेट्या टीव्हीला जोडा नाहीतर रिसीव्हरला, फरक फारसा उरलेला नाही. त्याच केबलमधून ही यंत्रं एकमेकांना चालू-बंदचे निरोपही देतात. टीव्ही बंद केला की रिसीव्हर झोपतो, हे छान. पण कुठलीशी पेटी मध्यरात्री स्वतःचं अपडेट करायला उठते, उठल्या उठल्या बाकीच्यांना हाक मारते, आणि अंधाऱ्या खोलीत सगळी फौज जागी होते. ती एक सोय मी त्या पेटीपुरती बंद करून टाकलीय.

आता वॅटबद्दल. खोक्यावर 'दर चॅनेलला १०० वॅट' असं ठसठशीत छापलेलं असतं. पुढे बारीक अक्षरात: दोनच चॅनेल चालू असताना. काही ठिकाणी तर एकच चॅनेल, एकाच सुरावर, १० टक्के विकृती धरून. सात-नऊ चॅनेल एकदम पूर्ण ताकदीने चालवायचे म्हटले तर एकाच वीजपुरवठ्यातून एवढे वॅट आणायचे कुठून? अमेरिकेत १९७४ साली अशा फुगवलेल्या आकड्यांना लगाम घालणारा सरकारी नियम झाला, पण तो दोन चॅनेलच्या जमान्यातला. सराउंड यंत्रं आली तेव्हा त्यात फटी निघाल्या आणि पुष्कळ वर्षं त्या तशाच राहिल्या.

तरीही मला हा वाद जरा पोकळ वाटतो, आणि त्याचं कारण साधं गणित आहे. माझे स्पीकर एका वॅटला, एका मीटरवर ८८ डेसिबल देतात. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की ६ डेसिबल घटतात. मी बसतो तीन मीटरवर, म्हणजे साधारण ७८. भिंती असल्यामुळे प्रत्यक्षात थोडं जास्तच. आमचं रात्रीचं ऐकणं सरासरी ६५ च्या आतलं. १० डेसिबल कमी म्हणजे ताकद एक दशांश, या हिशेबाने रोजच्या ऐकण्याला एका वॅटचा विसावा भाग पुरतो. बाकीचे वॅट फक्त दचकवण्यासाठी ठेवलेले. कुजबुज आणि स्फोट यांत ४० डेसिबलचं अंतर असेल तर ताकदीत ते दहा हजार पटींचं होतं, म्हणून साठा हवा हे खरं. पण १०० ऐवजी १२५ वॅटचं वरचं मॉडेल घेतलं तर हाती लागतो जेमतेम १ डेसिबल. तेवढ्यासाठी किती मोजायचं ते ज्याचं त्याने ठरवावं. मी खालचंच घेतलं.

घरातल्या इतरांना यातलं काहीही दिसत नाही. त्यांना दिसला तो सेंटर स्पीकर, टीव्हीच्या खालचा. आईची खुर्ची खिडकीपाशी, पडद्याच्या डाव्या अंगाला. टीव्हीचे स्वतःचे स्पीकर हल्ली खाली नाहीतर मागे तोंड करून बसवलेले असतात, त्यामुळे दर दोन मिनिटांनी "काय म्हणाला गं तो?" हा प्रश्न ठरलेला. मध्यंतरी नुसते दोन मोठे स्पीकर लावले होते. तेव्हा तिला सगळी माणसं डाव्या स्पीकरमधूनच बोलताना ऐकू यायची. दोन स्पीकरच्या मधोमध बसणाऱ्याला आवाज मधून येतोय असा भास होतो खरा, पण बाजूला सरकलं की जो स्पीकर जवळ त्याचा आवाज आधी पोचतो आणि कान त्याच्यावरच विश्वास ठेवतो.

हे जुनंच ज्ञान आहे. २७ एप्रिल १९३३ रोजी बेल लॅब या अमेरिकेतल्या टेलिफोन कंपनीच्या प्रयोगशाळेने फिलाडेल्फियात वाजणारा वाद्यवृंद टेलिफोनच्या तारांवरून वॉशिंग्टनच्या कॉन्स्टिट्यूशन हॉलमध्ये ऐकवला, तेव्हा चॅनेल तीन होते: डावा, मधला, उजवा. सभागृहातले सगळेच काही मधल्या खुर्चीत बसत नाहीत, म्हणून मधला हवाच. नंतर घराघरांत मात्र दोनच चॅनेल आले, कारण तबकडीच्या खाचेला भिंती दोनच. आमच्या खिडकीजवळच्या खुर्चीपर्यंत तो तिसरा पोचायला इतकी दशकं लागली. आता आई म्हणते, "माणूस दिसतो तिथूनच बोलतोय." मी सेंटर बाकीच्यांपेक्षा २ डेसिबल वर ठेवलाय. मिश्रण करणाऱ्याने ते तसं योजलेलं नव्हतं, पण मिश्रण करणारा आमच्या खिडकीजवळ बसत नाही.

रिसीव्हरसोबत एक छोटा माइक येतो. बसण्याच्या जागी, कानाच्या उंचीवर तो उभा करायचा. यंत्र एकेका स्पीकरमधून खालून वर चढत जाणारा 'वूऽऽप' असा आवाज सोडतं आणि माइकने काय ऐकलं ते लिहून घेतं. मग माइक थोडा सरकवायचा, पुन्हा तेच. शेवटी या नोंदींवरून ते प्रत्येक स्पीकरचा आवाज खोलीला जुळेल असा दुरुस्त करतं. तेवढा वेळ पंखे बंद, फ्रिज बंद, बोलणं बंद. घरातल्या सगळ्यांना एकदम गप्प बसवण्याची ताकद असलेली दुसरी वस्तू माझ्या पाहण्यात नाही.

यातून निघालेले आकडे वाचण्यात मी बराच रमलो. अंतरं बहुतेक टेपने मोजल्यासारखी बरोबर. फक्त सबवूफर, म्हणजे निव्वळ खर्ज वाजवणारा स्पीकर, प्रत्यक्ष जागेपेक्षा पुष्कळ लांब दाखवलेला. हात शिवशिवतात तो दुरुस्त करायला, पण करू नये. यंत्र इंच-टेप घेऊन बसलेलं नसतं, ते वेळ मोजतं. आवाज एका मिलिसेकंदात सुमारे ३४ सेंटिमीटर जातो, आणि सबवूफरच्या आतली गाळणी व प्रक्रिया काही मिलिसेकंद खातात; तो उशीर अंतर म्हणून लिहिला जातो. दुसऱ्या एका बाबतीत मात्र मी यंत्राचं ऐकलं नाही. पुढचे स्पीकर जरा मोठे दिसले की ते त्यांना 'लार्ज' म्हणून मोकळं होतं, म्हणजे सगळा खर्ज त्यांच्याच गळ्यात. मी सगळ्यांना 'स्मॉल' करून ८० हर्ट्झच्या खालचं सारं सबवूफरकडे वळवलं. सिनेमाच्या आवाजाचे निकष ठरवणाऱ्या टीएचएक्सने रूढ केलेला हा आकडा. त्याच्या खालचा आवाज नक्की कुठून येतोय हे कानाला सहसा सांगता येत नाही, आणि लहान स्पीकरवरचं ओझं उतरलं की तो मधल्या पट्टीत जास्त स्वच्छ बोलतो.

मोजणीनंतर पहिल्यांदा ऐकलं तेव्हा आवाज बारीक वाटला. काहीतरी हरवल्यासारखा. हरवलेलं होतं ते खोलीचं घुमणं, इतक्या वर्षांच्या सवयीचं. आणि इथून पुढे रिसीव्हरपेक्षा खोलीशीच माझा जास्त संबंध आला.

खोली पाच मीटर लांब आहे. ३४ हर्ट्झच्या लाटेची लांबी दहा मीटर. तिची अर्धी लाट या दोन भिंतींमध्ये नेमकी बसते आणि तिथेच ठाण मांडते. भिंतीला पाठ लावून बसणाऱ्याच्या छातीत धडधड, आणि बरोबर मध्यावर बसणाऱ्याला तो सूर जवळजवळ शून्य. त्याच खोलीत, त्याच क्षणी. ज्या सुराचं शिखर आहे ते यंत्राने कापलं आणि उत्तम कापलं. पण जिथे खड्डा आहे तिथे ताकद वाढवणं म्हणजे फुटक्या रांजणात पाणी ओतणं: जेवढं जास्त पाठवाल तेवढंच परतून येणाऱ्या लाटेत विरतं, वर सबवूफर दमतो. खड्ड्याला उपाय दोनच, सोफा हलवा नाहीतर सबवूफर हलवा. सोफा हलवायला घरातून परवानगी मिळाली ती एक हातभर.

सबवूफरची जागा शोधायची एक जुनी रीत आहे. तो उचलून आपल्या बसण्याच्या जागी ठेवायचा, खर्जाचा एक तुकडा लावायचा, आणि आपण भिंतीच्या कडेकडेने रांगत फिरायचं. जिथे कानाला खर्ज सगळ्यात सारखा लागेल ती सबवूफरची जागा. आवाज इथून तिथे आणि तिथून इथे सारखाच जातो, एवढंच तत्त्व. सबवूफर सोफ्यावर ऐटीत बसलेला आणि घरधनी जमिनीवर रांगतोय, याचा व्हिडिओ लेकीने नातेवाइकांत फिरवला. जागा सापडली ती कोपऱ्यातली नव्हती, कपाटाच्या अलीकडची, येता-जाता पायात येणारी. तरी ती टिकली, कारण फरक बायकोलाही ऐकू आला.

एक मत इथेच नोंदवतो. या दुरुस्तीला मी साधारण ३०० हर्ट्झच्या वर हात लावू दिलेला नाही. अशी मर्यादा घालण्याची सोय रिसीव्हरच्या ॲपमध्ये आहे. खाली खोलीचं राज्य असतं आणि तिथे यंत्राचा सल्ला घ्यावा. वर स्पीकर घडवणाऱ्याने काही विचार करून आवाज बांधलेला असतो. पूर्ण दुरुस्ती लावली की ओळखीच्या गायिकेचा गळा पुसून घेतल्यासारखा होतो.

आता हळू ऐकण्याकडे येतो. वर बेल लॅबचं नाव आलं. त्याच १९३३ साली, त्याच प्रयोगामागच्या हार्वी फ्लेचर यांनी मनसन यांच्यासोबत कानाचा एक पक्षपात मोजून मांडला. आवाजाची पातळी खाली आणली की सगळे सूर सारखे मंदावत नाहीत. खर्ज सगळ्यात आधी नाहीसा होतो. म्हणून हळू लावलेला सिनेमा नुसता लहान होत नाही, पोकळ होतो. जुन्या ॲम्प्लिफायरवरचं 'लाउडनेस' बटण याच्यासाठीच होतं, आणि ते आंधळं होतं. तुम्ही मूळ पातळीपासून किती खाली आहात हे त्याला माहीतच नसायचं. दाबलं की भसकन खर्ज वाढायचा, इतकंच.

या रिसीव्हरला ते माहीत आहे. माइकने मोजणी झाल्यामुळे काचेवरचा शून्य खरोखर त्या ठरलेल्या पातळीला बांधलेला असतो, आणि उणे ३८ म्हणजे कानातून नेमका किती खर्ज गळाला असेल याचा हिशेब तो करू शकतो. तेवढाच परत घालतो. आवाज वाढवत नेला की भरपाई आपोआप कमी होत जाते. उणे ४० वर पावसाचा दृश्यप्रसंग लावून ही सोय बंद-चालू करून बघितली, तर बंद केल्यावर पाऊस पत्र्याच्या डब्यात पडतो आणि चालू केल्यावर बाहेर. ही एक सोय वगळून बाकी सगळी काढून घेतली तरी मी फारशी तक्रार करणार नाही. तिच्यात खोट एवढीच की संगीत आणि साधे टीव्हीचे कार्यक्रम सिनेमाच्या पातळीला बांधलेले नसतात. तिथे ती उगाच जास्त खर्ज ओतते. त्यासाठी ५, १०, १५ डेसिबलची सूट देणारी सेटिंग आहे, मेनूच्या चौथ्या तळघरात. गाण्यांसाठी मी १५ लावतो.

रात्रीसाठी आणखी एक उपाय असतो, मोठे आवाज दाबून आणि लहान वर आणून दोघांतलं अंतर कमी करणारा. तो मला अर्धाच पटतो. हलका लावला तर उपकार आहे. जोरात लावला की शांत प्रसंगात मागची सळसळ वर येते, आणि दोन वाक्यांच्या मधला श्वाससुद्धा वाक्याइतकाच मोठा होतो. ज्या दिग्दर्शकाने दार आपटण्याआधी मुद्दाम मिनिटभर सामसूम ठेवली, त्याचं ते मिनिट फुकट गेलं.

डोक्यावरून येणाऱ्या आवाजाबद्दल सगळे विचारतात. डॉल्बी ॲटमॉस २०१२ साली चित्रपटगृहांत आणि २०१४ साली घरांत आलं. आवाज अमुक स्पीकरमध्ये असं न लिहिता अवकाशात अमुक ठिकाणी असं लिहायचं, आणि तुमच्याकडे जेवढे स्पीकर असतील तेवढ्यांतून तो जमवायचं काम रिसीव्हरने करायचं, ही कल्पना सुंदर आहे. छताला दोन स्पीकर लावलेत. हेलिकॉप्टर येतं, पाऊस येतो, पाहुणे वर बघतात. आठवडाभराने आपण वर बघायचं थांबवतो. काढून टाकावेत असं नाही, पण पैसे मोजून घ्यायच्या क्रमात मी त्यांना शेवटी ठेवेन. दोन चॅनेलची जुनी गाणी सगळ्या स्पीकरमध्ये पसरवून वाजवायची सोयही आहे. ती मी पाहुण्यांसाठी ठेवलीय. एकटा असलो की दोनच स्पीकर.

तक्रारी आहेतच. एका पेटीवरून दुसरीवर गेलं की पडदा दोन-तीन सेकंद काळा होतो, कारण केबलच्या दोन टोकांना आधी एकमेकांची ओळख पटवून घ्यायची असते. मेनूची भाषा ज्याने लिहिली त्याला माणसांशी बोलायची सवय नसावी. आणि यंत्र तापतं. काही न वाजवता नुसतं चालू ठेवलं तरी वरची जाळी चांगलीच गरम होते, म्हणून फळीवर त्याच्या डोक्याशी मोकळी जागा सोडावी लागते. तिथे कोणी पुस्तकं रचू नयेत यासाठी माझी गस्त असते.

जुन्या रिसीव्हरने काही गुन्हा केलेला नव्हता. त्याचा ॲम्प्लिफायर आजही ठणठणीत. मात्र त्याच्या एचडीएमआयला ४के चित्र पुढे पाठवता येत नव्हतं, आणि नव्या टीव्हीसमोर तो अडाणी ठरला. या पेट्यांमधला वजनदार, तांब्या-लोखंडाचा भाग म्हातारा व्हायला फार वेळ घेतो. नखाएवढ्या चिपा आधी मरतात. नव्याचंही हेच होणार. म्हणून जुना मी टाकला नाही. अभ्यासाच्या खोलीत तो आता दोन स्पीकर चालवतो, अँटेना लावून रेडिओ ऐकवतो, आणि त्याला कुठल्याच अपडेटची गरज पडत नाही.

नव्याच्या मागे स्पीकरच्या चार खुंट्या अजून रिकाम्या आहेत. त्या भरायचा विचार नाही. पुढे कधी खर्च करायचाच झाला तर दुसरा सबवूफर घेईन: समोरासमोरच्या दोन भिंतींच्या मध्यावर एकेक ठेवला तर ती ३४ हर्ट्झची लाट दोन्हीकडून कापली जाते आणि एकाच खुर्चीऐवजी सगळ्या सोफ्यावर खर्ज सारखा होतो. त्यातल्या एका भिंतीच्या मध्यावर सध्या कपाट आहे. कपाट हलवायचं की नाही, यावर घरात चर्चा चालू आहे आणि मतं माझ्या बाजूने नाहीत.